सूतिकागार आणि प्रसूतिगृह

आमच्या घरच्या दप्तरांत आजोबांच्या हातची, शके १८४६ सालची हिशेबाची एक लांबट वही आहे. अक्षर मोडी, शाई फिकी, कडा वाळवीनें खाल्लेल्या. वहींत ऐतिहासिक म्हणावें असें कांहीं नाहीं. म्हणून मीं ती बरींच वर्षें उघडली नव्हती. शाळेंतून निवृत्त झाल्यावर सवड मिळाली तेव्हां वाचावयास घेतली. आषाढाच्या पानावर ओवा, बाळंतशेपा, डिंक, खारीक, तूप अशा नोंदी लागोपाठ येतात. पुढें ‘सुईणीस खण, नारळ व चार आणे’. मग पांचवीच्या पूजेचें साहित्य. नवव्या दिवशीं एकच ओळ : ‘लांकडें व गोवऱ्या’. त्यानंतर रोज शेळीच्या दुधाचा एक पैसा मांडलेला आहे, आणि अकरा दिवसांनीं ती नोंदही थांबते. कोणाचें नांव नाहीं, दुःखाचा एक शब्द नाहीं. ती बाई म्हणजे आजोबांचें प्रथम कुटुंब. आम्ही सर्व दुसऱ्या कुटुंबाचे वंशज.

गेल्या वर्षीं माझी कन्या पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली. जुन्या ग्रंथांत वाचलेलें डोक्यांत असल्यामुळें मीं पूर्वेकडील खोली झाडून, चुना देऊन तयार ठेवली होती. तिनें खोली पाहिली, हंसली आणि म्हणाली, “बाबा, खोली छान आहे, पण ती परत आल्यावर. बाळंतपण इस्पितळांतच.” घरीं काय उणें आहे, असें मीं विचारलें. “उणें कांहीं नाहीं. पण रात्रीं दोन वाजतां रक्त द्यावें लागलें, तर तें घरीं कोठून आणाल ?” या प्रश्नाला चरकाजवळही उत्तर नव्हतें. गर्भिणी स्त्रिया घराचा उंबरा ओलांडून प्रसूतिगृहांत कां जाऊं लागल्या, हा विषय वैद्यकाच्या लेखकांवर सोडून देण्याची आपली प्रथा आहे. परंतु त्याचा बराचसा भाग ग्रंथांत व जुन्या कागदांतच सांपडतो, म्हणून तो येथें मांडतों.

प्रसूतीसाठीं वेगळी वास्तु असावी ही कल्पना आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली, असा समज पुष्कळांचा आहे. तो अर्धाच खरा. चरकसंहितेच्या शारीरस्थानांतील आठव्या अध्यायांत नववा महिना लागण्यापूर्वींच सूतिकागार बांधावें असें सांगितलें आहे. जागा हाडें, खडे व खापऱ्या काढून स्वच्छ केलेली असावी. दार पूर्वेस किंवा उत्तरेस असावें. बेल, टेंभुर्णी, हिंगणबेट, बिब्बा, वायवर्णा, खैर यांपैकीं लांकूड वापरावें. अग्नि, पाणी, उखळ, शौचकूप, स्नानाची जागा व चूल हीं ऋतूला अनुसरून सोयीचीं असावींत. पुढें संग्रहाची यादी येते : तूप, तेल, मध, मिठांचे प्रकार, औषधी द्रव्यें, बेलाच्या लांकडाचे दोन पलंग, तीक्ष्ण लोखंडी शस्त्रें. जवळ राहणाऱ्या स्त्रिया अनेकदां प्रसूत झालेल्या, प्रेमळ, न कंटाळणाऱ्या व कष्ट सोसणाऱ्या असाव्यात. वेणांच्या वेळीं गर्भिणीनें मुसळ घेऊन कांडावें असें कांहीं आचार्य सांगत. आत्रेयांनीं तें स्पष्टपणें नाकारलें आहे : जिला गरोदरपणांत दारुण श्रम वर्ज्य, तिला ऐन प्रसूतींत ते कसे चालतील ? हा वाद मला त्या अध्यायांतील सर्वांत जिवंत भाग वाटतो. घरोघरच्या रूढीला शास्त्रानें आव्हान दिल्याचा तो जुना दाखला आहे.

सुश्रुताचें सूतिकागार आठ हात लांब व चार हात रुंद. त्याची एक अट मात्र चरकापेक्षां आजच्या वैद्यास अधिक भावेल. परिचर्या करणाऱ्या चार स्त्रिया पोक्त व प्रसूतिकर्मांत कुशल तर असाव्यातच, शिवाय त्यांचीं नखें कापलेलीं असावींत. नखांचा उल्लेख कोणत्या कारणानें आला हें ग्रंथ सांगत नाहीं. अनुभवानें आला असावा. मूढगर्भाच्या चिकित्सेंत, म्हणजे गर्भ आडवा येऊन अडला असतां, हें शल्यकर्म सर्वांत कठीण असें बजावून, वैद्यानें अधिपतीस विचारून मगच हात घालावा असें सुश्रुत सांगतो. अधिपति म्हणजे राजा कीं घरधनी याविषयीं टीकाकारांत कांहींही मत असो, जिच्या जिवाचा प्रश्न तिला विचारावें असें तेथें लिहिलेलें नाहीं. ही गोष्ट लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस काश्यपसंहितेची आठवण येथें होईलच. नेपाळचे राजगुरु हेमराज शर्मा यांच्या संग्रहांतील खंडित ताडपत्री पोथीवरून ती १९३८ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांत छापली गेली. बालक व सूतिका हाच तिचा मुख्य विषय. रेवतीकल्पांत गर्भ व अर्भकें हरण करणाऱ्या जातहारिणींचें जें विस्तृत वर्णन आहे, तें वाचतांना अंगावर कांटा येतो. इतक्या प्रकारच्या हरणकर्त्या कल्पाव्या लागल्या, याचा अर्थ इतक्या प्रकारांनीं मुलें जात होतीं.

ग्रंथांतलें हें सूतिकागार सामान्य घरांत कधीं होतें काय ? मला तसें वाटत नाहीं. तें ज्यांच्या दारीं लांकूड, तूप व वैद्य होते त्यांचें. आमच्याकडे शिल्लक राहिली ती बाळंतिणीची खोली : माजघराच्या मागची, काळोखी, वारा लागूं नये म्हणून बंद केलेली, बाजेखालीं शेगडी आणि ओव्याची धुरी. दहा दिवसांच्या सोयरामुळें घरच्या माणसांनीं शिवावयाचें नाहीं, आणि नाळ कापणें हें तर सर्वांत विटाळाचें काम. म्हणून तें बहुधा न्हावी, मांग, महार अशा समाजांतील स्त्रियांकडे असे. जिचा हात एरवीं ओटीवर चालत नसे, तिच्याच हातीं घराचा वंश सोंपविला जाई. यांतील विसंगति त्या काळींही कोणाला दिसली नसेल असें नाहीं. बोलण्याची सोय नव्हती. त्या बायांजवळ अनुभवाचें मोठें भांडार होतें आणि पुष्कळ अवघड प्रसंग त्यांनीं निभावून नेले. पण नाळेवर जें हत्यार चाले तें घरांत असेल तें, विळी असो कीं कोयता. चरकानें त्यासाठीं सोनें, रुपें किंवा लोखंड यांचें वेगळें शस्त्र सांगितलें होतें, तें पोथींतच राहिलें.

पांचवी व सटवाई यांविषयीं माझा एक तर्क आहे, तो तर्क म्हणूनच घ्यावा. नवजात अर्भकाला नाळेच्या जखमेवाटे होणारा धनुर्वात बहुधा तिसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत दिसूं लागतो, आणि सहावा ते आठवा दिवस विशेष धोक्याचा. मूल चांगलें जन्मतें, दोन-तीन दिवस दूध पितें, मग जबडा आंवळतो. सटवी येते ती नेमकी याच दिवसांत. पाटा-वरवंटा मांडून रात्र जागविण्यामागें किती आयांचा अनुभव साठला असेल ! भारतांतून माता व अर्भकांच्या धनुर्वाताचें निर्मूलन झाल्याचें २०१५ सालीं जाहीर झालें. पूजा अजून चालू आहे, आणि ती चालू राहण्यास माझी हरकत नाहीं.

आपल्या मंडळांतील जाणत्यांस एक गोष्ट विचारावीशी वाटते. श्रीशिवछत्रपतींच्या जन्मतिथीवर किती पानें खर्चीं पडलीं ! जेधे शकावलीची शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया पुढें आली आणि पिढ्यांचा वाद झाला. तो व्हावयासच हवा होता. परंतु धामधुमीच्या काळांत गर्भवती जिजाऊंस शिवनेरीसारख्या बळकट किल्ल्यावर ठेवलें, म्हणजे प्रसूतीचें स्थळ सुरक्षिततेसाठीं मुद्दाम निवडलें, या अंगानें त्या प्रसंगाकडे क्वचितच पाहिलें जातें. तिथीला आपण शोधलें, सुईणीला नाहीं.

उंबरा प्रथम ओलांडला तो कोणी, याचें उत्तर अनपेक्षित आहे. १८६३ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत आपल्या घरीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें, आणि १८७५ सालीं लालशंकर उमियाशंकर यांनीं पंढरपुरास तसेंच गृह उघडलें. तेथें येणाऱ्या विधवा चांगल्या सुईणीच्या किंवा औषधाच्या शोधांत आल्या नव्हत्या. घर हेंच त्यांच्या दृष्टीनें सर्वांत धोक्याचें ठिकाण झालें होतें. लाज, बहिष्कार आणि अर्भकाचा वध यांतून सुटण्यासाठीं त्या परक्या दारांत आल्या. १८७४ सालीं अशाच एका मातेचा मुलगा फुले दांपत्यानें दत्तक घेतला व तो पुढें डॉक्टर झाला. जेथें जीव सुरक्षित वाटतो तेथें स्त्री जाते. भिंती घराच्या आहेत कीं संस्थेच्या, हा तिच्यापुढील प्रश्न नसतो.

याची उलट बाजू व्हिएन्ना येथील सार्वजनिक प्रसूतिगृहांत दिसते. तेथें दोन विभाग होते : पहिल्यांत वैद्यकाचे विद्यार्थी, दुसऱ्यांत सुईणीचें काम शिकणाऱ्या स्त्रिया. १८४६ सालीं पहिल्या विभागांत शेंकडा ११ हून अधिक माता सूतिकाज्वरानें दगावल्या, दुसऱ्यांत तीनहून कमी. शहरांतील गरीब बायांना हें आंकडे न वाचतां ठाऊक होतें. पहिल्या विभागांत घालूं नका म्हणून त्या गुडघे टेकून विनवीत. कित्येकींनीं रस्त्यांत बाळंत होणें पत्करलें, आणि त्या वांचल्याही. विद्यार्थी शवविच्छेदन करून त्याच हातांनीं तपासावयास येत, हें कारण सेमेलवाइस या तरुण वैद्यानें ओळखलें. १८४७च्या मे महिन्यांत त्यानें क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याची सक्ति केली. एप्रिलांत शेंकडा १८ असलेलें मृत्यूचें प्रमाण जूनमध्यें दोनांवर आलें. त्याचें म्हणणें मान्य होण्यास मात्र पुढें कित्येक वर्षें लागलीं. सुश्रुताच्या ‘कापलेल्या नखां’ची आठवण येथें कोणाला झाली तर नवल नाहीं, फक्त त्यावरून आपल्याकडे सर्व कांहीं आधींच ठाऊक होतें असा निष्कर्ष काढूं नये. ठाऊक असतें तर आजोबांच्या वहींत ती ओळ आली नसती.

महाराष्ट्रांत ज्या नांवाशीं ही कथा जोडलेली आहे तें आनंदीबाई जोशी यांचें. चौदाव्या वर्षीं त्या आई झाल्या. मूल दहा दिवसांनीं गेलें. तें दुःख घेऊन त्या अमेरिकेस गेल्या आणि १८८६ सालीं पेनसिल्व्हानियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयांतून पदवीधर झाल्या. पदवीसाठीं त्यांनीं निवडलेला विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. ज्या खोलींत आपलें मूल गेलें, त्या खोलीच्या मागचें शास्त्र त्यांस तपासावयाचें होतें असें मला वाटतें. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, बावीस वर्षेंही पुरीं होण्यापूर्वीं, त्या पुण्यास वारल्या. त्याच सुमारास १८८५ सालीं लेडी डफरिन यांचा निधि निघाला, १८८६ सालीं मुंबईंत स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं कामा इस्पितळ उघडलें. पुरुष वैद्याला हात लावूं द्यावयाचा नाहीं म्हणून मरण पत्करणाऱ्या बायकांना प्रथमच स्त्री वैद्य मिळाल्या. १९०९ सालीं पुण्यांत रमाबाई रानडे यांनीं सेवासदन वाढीस लावलें, तेव्हां चांगल्या घरच्या विधवा परिचारिका व सुईणी होण्याचें शिक्षण घेऊं लागल्या. विटाळाचें काम विद्येचें झालें, हा बदल इमारतींपेक्षां मोठा होता. १९२६ सालीं मुंबईंत नवरोजी वाडिया प्रसूतिगृह निघालें आणि गिरणगांवांतील बायकांस दार उघडलें. गिरणगांवांत माहेर दूर, खोली एक, आणि तींत दहा माणसें. तेथें बाळंतिणीची खोली काढावयाची कोठें? शहरांत प्रसूतिगृह लवकर रुजलें याचें हें साधें कारण विसरतां कामा नये.

तरीही हें सर्व मूठभरांपुरतें होतें. १९४६ सालच्या भोर समितीच्या अहवालांत दर हजार जिवंत जन्मांमागें सुमारें वीस माता मरतात, म्हणजे वर्षास सुमारें दोन लाख, असा अंदाज दिला आहे. सूतिकाज्वरावर सल्फा औषधें १९३५ नंतर आलीं, रक्तपेढ्या व प्रतिजैविकें त्यानंतर. आणि तेव्हांपासून प्रसूतिगृह घरापेक्षां खरोखर सुरक्षित झालें. तरी देशांत १९९२-९३च्या पाहणींत शंभरापैकीं सुमारें २६ प्रसूति संस्थांत होत होत्या, २००५-०६ सालीं ३९. मग एकदम चढ लागला : २०१५-१६ सालीं ७९ आणि २०१९-२१ सालीं ८९. महाराष्ट्रांत हेच प्रमाण २००५-०६ मध्यें ६५ होतें, तें २०१९-२१ मध्यें ९५च्या जवळ गेलें. मातृमृत्यूचें प्रमाण देशांत २००४-०६ मध्यें लाख जन्मांमागें २५४ होतें, तें २०१८-२० मध्यें ९७ झालें. महाराष्ट्रांत त्या वर्षांत ३३.

पंधरा वर्षांत असें काय झालें ? लोक एका शब्दांत ‘पैसा’ म्हणतात. २००५ सालीं जननी सुरक्षा योजना आली, इस्पितळांत बाळंत होणाऱ्या गरीब स्त्रीस रोख रक्कम मिळूं लागली. महाराष्ट्रांतील खेड्यांत ती ७०० रुपये ठरली. २०११ सालीं औषध, रक्त, शस्त्रक्रिया, भोजन व वाहन हीं सरकारी रुग्णालयांत विनामूल्य झालीं. परंतु सातशें रुपयांसाठीं कोणी आपला जीव परक्यांच्या स्वाधीन करीत नाहीं. त्या रकमेनें एवढेंच झालें कीं सासूच्या ‘खर्च कोण करणार’ या प्रश्नाला सुनेजवळ उत्तर आलें. त्याहून मोठें काम गांवांतल्याच ‘आशा’ नांवाच्या कार्यकर्तीनें केलें, असें माझें मत आहे. ती ओळखीची, तिची भाषा तीच, आणि रात्रीं बरोबर येणारी. इस्पितळाचें भय हें बहुतेक अनोळखीपणाचें भय असतें.

याशिवाय घरांतील ज्ञानच आटलें. माझ्या आईच्या वेळीं आळींत चार बाया अशा होत्या कीं ज्यांनीं वीस-वीस बाळंतपणें पाहिलीं होतीं. आतां घरांत चारच माणसें, मुलें दोन, आणि सुईणीच्या मुली-सुना इतर कामांस लागलेल्या. इस्पितळाकडे ओढ जितकी खरी, तितकेंच घर मागें सरणें हेंही खरें. आणि मुख्य कारण तें कन्येनें सांगितलेलें. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव कोणाला होईल हें आधीं निश्चित ओळखतां येत नाहीं. सर्व ठीक असलेल्या स्त्रीलाही होतो, आणि दोन-तीन तासांत ती जाते. शंभरांतील पुष्कळ बायका घरींही सुखरूप सुटतील. पण आपण त्या पुष्कळांतल्या कीं थोड्यांतल्या, हें कळतें तेव्हां वेळ संपलेली असते. आजची स्त्री हा हिशेब जाणते. एक लहानसें कारण आपल्या विषयाला जवळचें म्हणून सांगतों : इस्पितळांत जन्मलेल्या मुलाची नोंद तेथूनच होते, १९६९च्या कायद्याप्रमाणें दाखला सहज मिळतो, आणि त्यांत आईचें नांव असतें.

ज्या अजूनही जात नाहींत, त्या अडाणी आहेत असें समजणें हा अन्याय आहे. थॅडियस व मेन या दोन विदुषींनीं १९९४ सालीं विलंबाचे तीन टप्पे दाखविले : घरीं निर्णय होण्यास, वाट चालण्यास, आणि पोंचल्यावर उपचार मिळण्यास. पहिल्या टप्प्यावर सुश्रुताचा ‘अधिपति’ अजून बसलेला आहे. नवरा शेतावरून येईपर्यंत, सासू हो म्हणेपर्यंत कळा थांबत नाहींत. दुसरा टप्पा पाहावयाचा तर नंदुरबारच्या सातपुड्यांत किंवा मेळघाटांत पावसाळ्यांत जावें. झोळींतून अथवा खाटेवरून बाईला डोंगर उतरावा लागतो. तिसऱ्याविषयीं बोलावें तितकें थोडें. तेथें कोणी ओरडलें, थप्पड मारली, सोबतीच्या बाईला बाहेर काढलें, तर ती कथा पाड्यावर महिनाभर पुरते, आणि पुढची गर्भिणी घरींच राहते. व्हिएन्नाच्या बायकांप्रमाणें त्याही ऐकीव आंकड्यांवरच ठरवितात. या दृष्टीनें महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत आरोग्य केंद्रांच्या आवारांत ‘माहेरघर’ म्हणून ज्या खोल्या झाल्या, त्यांचें मला विशेष वाटतें. दिवस भरत आले कीं बाई कांहीं दिवस आधींच तेथें येऊन राहते, सोबत नातेवाईक व लहान मूल असतें. नवव्या महिन्यांत सूतिकागारांत प्रवेश करावा हें सुश्रुताचें सांगणें, आणि पहिल्या बाळंतपणाला माहेर हा आपला आचार, या दोन्ही गोष्टी त्या एका नांवांत आल्या आहेत. नांव देणाऱ्यानें ग्रंथ वाचला असेल असें नाहीं.

नव्या व्यवस्थेचेंही कौतुक आंधळेपणानें करूं नये. २०१९-२१च्या पाहणींत देशांतील खाजगी रुग्णालयांत शंभरांतील ४७ प्रसूति पोट चिरून झाल्या, सरकारींत १४. निसर्ग सरकारी व खाजगी असा भेद करीत नाहीं, तेव्हां या अंतराचें कारण गर्भाशयांत शोधण्याचें प्रयोजन नाहीं. शिवाय मातेबरोबर मुलाचाही विचार हवा. गडचिरोलींत डॉ. अभय व राणी बंग यांनीं खेड्यांतील साध्या शिकलेल्या स्त्रियांकरवीं घरींच नवजातांची शुश्रूषा करून नवजातमृत्यु निम्म्याहून खालीं आणले, आणि तो वृत्तांत १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. बाळंतीण दोन-तीन दिवसांनीं घरीं येते. बाळाचा पहिला महिना घरींच जातो. खोलीला मीं चुना दिला तो वायां गेला नाहीं.

आतां संग्राहकांस विनंति. दप्तरें तपासतांना आपण सनदा, महजर, निवाडे वेगळे काढतों आणि घरखर्चाच्या वह्या वाण्याला देतों. बाळंतखर्चाच्या याद्या, सुईणीस दिलेला ऐवज, पांचवीचें साहित्य, जन्मटिपणाच्या पाठीवर मातेविषयीं लिहिलेल्या ओळी, धाय ठेवल्याच्या नोंदी, हें सर्व कृपा करून जपावें व नक्कल करून ठेवावें. सुईणीचें नांव किंवा जात कोठें नोंदली असेल तर तें विशेष. माझ्या वहींतील आषाढाच्या पानाची नक्कल मीं बालबोधींत करून ठेवली आहे. आजोबांच्या प्रथम कुटुंबाचें सासरचें नांव घरांत आतां कोणालाच सांगतां येत नाहीं. माहेरचें नांव कळावें म्हणून तिच्या गांवच्या उपाध्यायांच्या वह्या पाहण्याचें काम चालू आहे.